१९१८ चा बेडूकमासा, २००३ चा बेडूक

पावसाळी ओढ्याच्या या काळ्या कातळावरून पाणी इतक्या वेगाने घसरते की पडलेले पानही क्षणभर थांबत नाही. त्याच कातळाला बेडूकमासे चिकटून बसले आहेत. पोटाकडून चपटे शरीर, मांसल शेपटी आणि तोंडाभोवतीची चोषक तबकडी यांच्या जोरावर ते धारेत टिकतात आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातात. दक्षिण भारतातील डोंगरांतून आलेल्या अशा बेडूकमाशांचे वर्णन भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केले होते. ते कोणत्या बेडकाचे, हे मात्र तेव्हा उमगले नाही, कारण त्या बेडकाचीच विज्ञानात नोंद नव्हती.

ही नोंद का राहिली, हे पुढच्या दृश्यात कळते. त्या बेडूकमाशांचे मोठे रूप, केरळच्या इडुक्की परिसरातील हा जांभळा बेडूक पाहा: टम्म फुगलेले अंग, त्याला न शोभणारे लहानसे डोके, फिकट टोकदार नाकाड आणि आखूड पाय. मागच्या तळव्यांवरील कठीण उंचवट्यांनी माती सारत तो पाठमोराच जमिनीत उतरतो. त्याचे खाद्य म्हणजे वाळवी, आणि ती जमिनीखालीच मिळते. त्यामुळे वर येण्याचे निमित्त उरते ते प्रजननाचे, पावसाळ्याच्या तोंडावरच्या मोजक्या दिवसांत. नर मादीच्या मानाने फारच लहान असतो. त्याला पाठीवर घेऊनच ती ओढ्यापर्यंत जाते आणि खडकांमधील पाण्यात अंडी घालते.

एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसयुट या अभ्यासकांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या बेडकाचे वर्णन केले आणि त्याला नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस हे नाव दिले. त्याला वर्गीकरणात कुठे बसवायचे, हा प्रश्न नुसत्या बांध्यावरून सुटण्यासारखा नव्हता. जमीन उकरणाऱ्या बेडकांमध्ये फुगीर अंग आणि आखूड पाय, जवळचे नाते नसतानाही, अनेकदा उत्क्रांत झाले आहेत. तेव्हा साम्य दिसले म्हणून नाते जोडणे धोक्याचे होते. म्हणून पेशीकेंद्रातील आणि मायटोकाँड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांतील) जनुकांचे क्रम इतर बेडकांच्या क्रमांशी ताडून पाहण्यात आले. सर्वांत जवळचे नातलग निघाले ते सह्याद्रीतले नव्हेत, तर हिंदी महासागरापलीकडच्या सेशेल्स बेटांवरचे सूग्लॉसिडी या कुलातील, म्हणजे वर्गीकरणातील एका मोठ्या गटातील, चिमुकले बेडूक.

खारे पाणी बेडकांना सहसा मानवत नाही, मग मधला समुद्र कोणी ओलांडला? बहुधा कोणीच नाही. सेशेल्सची ग्रॅनाइटची बेटे आणि भारतीय भूखंड एकेकाळी जोडलेले होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते अलग झाले, आणि दोन्ही बाजूंचे बेडूक आपापल्या जमिनीबरोबर दूर गेले. मूळ अभ्यासाने या दोन शाखांची फारकत त्याहूनही जुनी, दहा कोटी वर्षांपलीकडची मानली. पुढच्या अभ्यासांतील आकडे वेगवेगळे आहेत. नात्याबद्दल मात्र मतभेद नाही.

मतभेद झाला तो कुलाबद्दल. बिजू आणि बॉसयुट यांनी या एका जातीसाठी नवे कुल मांडले. १९२६ नंतर बेडकांमध्ये पडलेली ही पहिलीच अशी भर होती. २००६ मधील उभयचरांच्या एका मोठ्या फेरमांडणीत ते मोडून हा बेडूक सूग्लॉसिडीत घालण्यात आला आणि नंतर पुन्हा वेगळा काढण्यात आला. नात्यांचा आलेख दोन्ही वेळा जवळपास तोच होता. कुलाची रेघ त्यावर कुठे मारायची, एवढेच बदलत होते, आणि ही रेघ निसर्गाने नव्हे, अभ्यासकांनी मारलेली असते.

२०१७ मध्ये नासिकाबॅट्राकस याच प्रजातीतील (जीनसमधील) दुसरी जाती (स्पीशीज), नासिकाबॅट्राकस भूपती, तमिळनाडूतील श्रीविल्लिपुत्तूरजवळच्या डोंगरांतून नोंदवली गेली. ती सह्याद्रीच्या, म्हणजे पश्चिम घाटाच्या, पूर्व उतारावर राहते आणि ईशान्य मोसमी पावसात प्रजनन करते. तिला वेगळी ठरवताना बांधा आणि डीएनए यांच्याबरोबर नराचा आवाज आणि बेडूकमाशांची ठेवणही विचारात घेतली गेली, आणि त्यासाठी ऐन पावसात डोंगरात थांबणारी माणसे लागली. प्रयोगशाळेतील यंत्राला नमुना कोणीतरी आणून द्यावाच लागतो. या बेडकांपुढे आता धोकेही आहेत: लहान बंधाऱ्यांमुळे प्रजननाचे ओढे बदलत आहेत आणि काही ठिकाणी हे बेडूकमासे खाण्यासाठी पकडलेही जातात.