सांगोला : अकरा विजय आणि १९२ मते

नमस्कार, श्रोतेहो. सोलापूर जिल्ह्यातला सांगोला हा विधानसभा मतदारसंघ राज्याला ठाऊक झाला तो गणपतराव देशमुख यांच्यामुळे. शेतकरी कामगार पक्षाचे हे नेते १९६२ साली येथून प्रथम निवडून आले आणि २०१४ पर्यंत अकरा वेळा विजयी झाले; पक्ष एकच, मतदारसंघही एकच. माणदेशातल्या या तालुक्यात टेंभू व म्हैसाळ या सिंचन योजनांचे आणि नीरा उजव्या कालव्याचे पाणी हा प्रत्येक प्रचाराचा विषय असतो, हे वेगळे सांगायला नको.

अकरा विजय सगळेच मोजतात. मला मात्र त्यांच्या पराभवाची हकिकत सांगायला अधिक आवडते. १९७२ साली ते हरले होते, पण १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. दुसरा पराभव १९९५ चा. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांना हरवले ते १९२ मतांनी. पुन्हा सांगतो, एकशे ब्याण्णव! गणपतराव आमदार असूनही एसटीने प्रवास करीत, आणि एवढी माणसे एसटीच्या चार गाड्यांत सहज मावली असती. त्यांच्यापैकी सत्त्याण्णव जणांनी शिक्का दुसरीकडे मारला असता, तरी निकाल फिरला असता. तेव्हा मतदान मतपत्रिकेवर होत असे. शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध पडून कौल कोणाला हे कळेनासे झाले, की मत बाद. घडी घालताना ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली, तर खरा शिक्का कोणता आणि त्याची छाप कोणती, हे मतपत्रिका निरखून ठरवावे लागे. अशा मोजणीत १९२ चा फरक म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्या जिवाला घोर.

पुढच्या चारही निवडणुका गणपतरावांनी जिंकल्या. २०१९ मध्ये त्यांनी स्वतः उभे न राहता नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना पुढे केले, आणि आता शिवसेनेत असलेले तेच शहाजीबापू ७६८ मतांनी निवडून आले. चोवीस वर्षांच्या अंतराने दोन विजय, दोन्ही हजाराच्या आत! अनेकदा निवडून येणारा उमेदवार बिनघोर असतो, हा समज सांगोल्याने खोटा पाडला आहे.

जाता जाता एक तक्रार नोंदवतो. २०२२ साली शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीहून झालेल्या शहाजीबापूंच्या एका फोन संभाषणातले ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे उद्गार दोन दिवसांत घरोघरी पोहोचले. पाण्यासाठी दशकानुदशके भरलेल्या परिषदांना तेवढे कान कधी मिळाले नाहीत.

गणपतरावांचे ३० जुलै २०२१ रोजी निधन झाले. २०२४ च्या निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना पंचवीस हजारांहून अधिक मतांनी हरवून ही जागा शेतकरी कामगार पक्षाकडे परत आणली. नमस्कार.