राखाडी बाण

(वेबसाइट बनवणाऱ्यांच्या एका मेळाव्यातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

एका अर्जाच्या चाचणीपासून सुरुवात करते. मी एका बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, वाचायची हौस, इंटरनेटची सवय बऱ्यापैकी. आम्ही बनवलेला ऑनलाइन अर्ज त्या भरत होत्या आणि मी गप्प बसून बघायचं, एवढंच माझं काम. (आमच्या धंद्यात याहून अवघड काम नाही.) नऊ रकाने भरून झाले. दहाव्याच्या शेजारी लिंक होती, 'पात्रतेचे नियम वाचा'. त्यांनी ती दाबली, चष्मा वर-खाली करत नियम नीट वाचले आणि अर्जाकडे परत यायचं म्हणून वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या मागे जायच्या बाणावर क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. मग माउस जरा दणकून दाबला, जोर लावला तर ऐकेल अशा आशेनं. बाण राखाडीच होता. नियम नव्या टॅबमध्ये उघडले होते, आणि नव्या टॅबला भूतकाळ नसतो. "अडकलं वाटतं," असं म्हणत त्यांनी कोपऱ्यातली फुली दाबली. सगळा ब्राउझर बंद झाला, अर्जासकट. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं हो."

ती लिंक नव्या टॅबमध्ये उघडायची हे मी ठरवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, फार विचारही केला नव्हता. हात सवयीनं 'टार्गेट ब्लँक' (लिंक नव्या खिडकीत किंवा टॅबमध्ये उघड, असं ब्राउझरला सांगणारी खूण) लिहून गेला होता.

ही सवय आली कुठून? गंमत अशी की १९९० साली वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यात लिंकवर डबल-क्लिक केलं की पान वेगळ्या खिडकीतच उघडायचं. म्हणजे 'वेबचा मूळ स्वभाव एकाच खिडकीचा' असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं तर जरा थांबवा त्याला. एकाच खिडकीत पुढे जायचं आणि बाणानं मागे यायचं, ही रीत नंतरच्या ब्राउझरांनी रुजवली. पण एकदा रुजल्यावर ती इतकी पक्की बसली की लोकांच्या बोटांना ती पाठ झाली. बोटांना पाठ झालेली गोष्ट बदलायला गेलात, तर दोष स्वतःकडे घेतात ती माणसं. त्या बाईंनी घेतला तसा.

टार्गेट हा गुणधर्म आला तो फ्रेमबरोबर. १९९६ च्या नेटस्केप नॅव्हिगेटर २ या ब्राउझरमध्ये एका पानाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात वेगळं पान दाखवायची सोय होती. डाव्या फ्रेममध्ये यादी, उजव्या फ्रेममध्ये मजकूर. डावीकडची लिंक उजवीकडे उघडायची, तर कुठल्या फ्रेममध्ये ते सांगायला हवं, त्यासाठी टार्गेट. 'ब्लँक' हे त्यातलं एक मूल्य: कुठल्याच फ्रेममध्ये नको, कोरी खिडकी काढ. फ्रेम कधीच्या वारल्या. त्यांच्या घरातलं हे एक भांडं मात्र आपण अजून वापरतोय.

मधल्या काळात ते काढून घ्यायचा प्रयत्नही झाला. एचटीएमएल ही वेबपानं लिहायची भाषा; तिच्या १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत जो 'स्ट्रिक्ट', म्हणजे कडक, प्रकार होता, त्यातून टार्गेट वगळलं होतं. मग आम्ही लोकांनी काय केलं? जावास्क्रिप्टच्या चार ओळी लिहून पान उघडल्यावर गुपचूप तेच करायला लागलो. पान नियमांत बसतं का ते तपासणारा व्हॅलिडेटर खूश, खिडक्या उघडतायत त्या उघडतायतच. नियमांत बसण्यासाठी केलेली ही निव्वळ लबाडी होती, आणि मीही ती केलेली आहे. पुढे २०१४ साली एचटीएमएल ५ पक्कं झालं, त्यात टार्गेट उजळ माथ्यानं परत आलं.

आता खरं भांडण कुठलं ते बघू. साइट करून घेणारा माणूस समोर बसलेला असतो आणि त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं: "बाहेरच्या लिंका नव्या टॅबमध्ये उघडा, म्हणजे माणूस आपल्या साइटवरून जाणार नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यातली भीती मला कळते आणि पटतही नाही. ज्याला जायचंय तो गेलेलाच असतो. मागे तुमचा टॅब उघडा राहिला याचा अर्थ माणूस तुमच्याकडे आहे असा होत नाही; तो टॅब नुसता पडून असतो. फोनवर तर तो दिसतही नाही, कोपऱ्यातल्या चौकोनात एक आकडा वाढतो इतकंच. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये टॅब शंभरावर गेले की त्या चौकोनात आकड्याऐवजी विरामचिन्हांचा हसरा चेहरा येतो. ब्राउझरनंसुद्धा मोजणं सोडून दिलं! त्या ढिगात तुमची साइट 'टिकून' आहे.

परत येणाऱ्यांचं म्हणाल, तर परत यायला बाण पुरतो. तो ब्राउझरच्या सगळ्यात ओळखीच्या बटणांपैकी एक आहे आणि तो आपण न लिहिता आपल्याला मिळालाय. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९९ साली वेब-रचनेतल्या चुकांची यादी केली, त्यात पहिली चूक मागे जायचं बटण मोडणं आणि दुसरी नव्या खिडक्या उघडणं ही होती. दोन्ही चुका शेजारी-शेजारी ठेवण्यामागे कारण आहे. नवी खिडकी उघडली की ते बटण आपोआपच मोडतं.

तेव्हा टॅब सर्रास नव्हते, हे मला मान्य आहे. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती २००४ ची, इंटरनेट एक्सप्लोररला टॅब आले ते २००६ साली सातव्या आवृत्तीत. तोवर नवी खिडकी म्हणजे पडद्यावर खरोखर आणखी एक खिडकी, जुनीला झाकून टाकणारी. टॅबनं तो त्रास कमी केला. काही फोनांवर तर नव्या टॅबमधून मागे गेलं की टॅब मिटून आधीचं पान समोर येतं. म्हणून पंचवीस वर्षांपूर्वीचा नियम जशाच्या तसा आज हाणायला मी आलेले नाही.

मागच्या रांगेतून आत्ता एक प्रश्न आला, की "मी स्वतः सगळ्या लिंका नव्या टॅबमध्येच उघडतो, मग लोकांना तशाच का देऊ नयेत?" छान प्रश्न आहे. तुम्ही त्या कशा उघडता? कंट्रोल धरून, किंवा माउसचं मधलं बटण दाबून, किंवा फोनवर लिंकवर बोट दाबून ठेवून. बरोबर? म्हणजे लिंक साधी असते आणि ठरवता तुम्ही. आता उलट बाजू बघा. मी लिंकला टार्गेट ब्लँक लावलं आणि तुम्हाला ती याच टॅबमध्ये उघडायची आहे. कुठली कळ दाबाल? ... शोधा, शोधा. नेहमीच्या ब्राउझरांत अशी सरळ कळच नाही. साध्या लिंकमध्ये दोन्ही वाटा खुल्या राहतात, ब्लँकवाल्या लिंकमध्ये एक बंद होते. माझं सगळं म्हणणं या एका तफावतीवर उभं आहे. नवा टॅब चांगला की वाईट, यावर आपण रात्रभर वाद घालू. पण वाचणाऱ्याच्या हातातली निवड काढून घेताना आपल्याकडे कारण हवं, आणि 'सवयीनं' हे कारण नव्हे.

हे बघताना डोळ्यांनी दिसणाऱ्यांचाच विचार केला, तरी इतकं निघतं. पडदा पाचपट मोठा करून वाचणाऱ्याला टॅबची पट्टी दिसतच नसते. ती वर कुठेतरी पडद्याबाहेर राहते आणि नवा टॅब उघडल्याचं त्याला कळत नाही. स्क्रीन-रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, ऐकणाऱ्याला ते सांगितलं जातंच असं नाही, सांगितलं तरी ऐकण्याच्या ओघात निसटतं. २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० या सुगम्यतेच्या मार्गदर्शिकेत ३.२.५ हा निकष आहे: संदर्भ (म्हणजे समोरची खिडकी किंवा पान) बदलायचा तो वापरणाऱ्यानं मागितल्यावर. तो सगळ्यात वरच्या, तीन एच्या पातळीवर आहे, म्हणून बहुतेक जण तिथवर पोचत नाहीत. पण त्यासोबत सांगितलेली युक्ती फुकटात करण्यासारखी आहे. नव्या टॅबमध्ये उघडणार असेल तर लिंकच्या शब्दांतच सांगा: 'नियम (नव्या टॅबमध्ये)'. नुसतं बाणाचं चिन्ह काढलंत तर त्याला पर्यायी मजकूर द्या. नाहीतर ऐकणाऱ्याला ते चिन्ह नसल्यासारखंच.

सुरक्षेचा भाग लवकर उरकते, कारण तो बराचसा मिटलाय. नव्या टॅबमध्ये उघडलेल्या पानाला पूर्वी आपल्या मूळ पानाचा ताबा राहायचा. 'विंडो ओपनर' वापरून ते मागच्या टॅबमध्ये खोटं लॉगिन पान आणून ठेवू शकायचं, आणि तुम्ही परत येऊन निवांतपणे पासवर्ड द्यायचात. त्यावर उपाय म्हणून लिंकमध्ये 'नोओपनर' लिहायचं. जानेवारी २०२१ च्या क्रोम ८८ पासून क्रोम ते आपणहून धरतो. सफारी आणि फायरफॉक्सनं त्याआधीच सुरू केलं होतं. तरी लिहीत जा. जुने फोन लोक टाकून देत नाहीत.

मग नवा टॅब कधीच नाही का? आहे की. पानावर काहीतरी ऐकायला चालू आहे आणि लिंक दाबली तर ते तुटणार असेल, तिथे नवा टॅब द्यावा. पीडीएफच्या बाबतीत नील्सन यांचाही सल्ला वेगळ्या खिडकीचाच होता, कारण कागदपत्र वाचून झालं की लोक सवयीनं खिडकी बंद करतात. आणि अर्ज. अर्धवट भरलेला अर्ज सोडून लिंक दुसरीकडे घेऊन गेली, तर मागे आल्यावर रकाने भरलेले सापडतील याची खात्री नाही. कधी ब्राउझर ते जपतो, कधी नाही.

म्हणजे बघा, पंचाईत लक्षात आली ना? पुस्तकी हिशेबानं त्या बाईंच्या अर्जात मी केलं ते बरोबर होतं. अपवादात बसणारी जागा होती. मला ते बरोबर असल्याचं ठाऊक नव्हतं आणि लिंकवर तसं लिहिलं नव्हतं, हे वेगळं. पण लिहिलं असतं तरी त्यांनी बाणच दाबला असता असं मला वाटतं. त्याच टॅबमध्ये उघडलं असतं, तर कदाचित नऊ रकाने पुसले गेले असते. दोन्हीकडून मरण.

आम्ही शेवटी नियमांचं ते पान उघडून बघितलं. पावणेदोन पानांचा मजकूर, त्यातल्या चार ओळी दहाव्या रकान्याशी संबंधित. त्या चार ओळी उचलून रकान्याच्या खाली ठेवल्या आणि लिंक काढून टाकली. पुढच्या चाचणीत एका गृहस्थांनी त्या वाचल्या, मान डोलावली आणि अकराव्या रकान्यावर गेले. मी शेजारीच बसले होते. गप्प.