पांढऱ्या पट्ट्याचे आफ्रिकी फुलपाखरू

श्रोतेहो, नमस्कार. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत दूरवर पसरलेल्या एका फुलपाखराची ओळख आज आपण करून घेणार आहोत. त्याचे शास्त्रीय नाव कोएलिआडेस फोरेस्टान असून इंग्रजीत त्याला स्ट्राइप्ड पोलिसमन म्हणतात. कास्पर स्टोल यांनी १७८२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

हे स्किपर कुळातील फुलपाखरू आहे. दणकट धड, रुंद डोके आणि आकड्यासारखी वळलेली स्पर्शिकांची टोके या कुळखुणा त्याच्या ठायी दिसतातच. शिवाय तोंडापुढे सुईसारखी बारीक टोके असलेली स्पृशांची, म्हणजे तोंडालगतच्या दोन लहान अवयवांची जोडी असते, आणि तीवरून त्याचे उपकुळ ओळखता येते. पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे ५ सेंटिमीटर भरते. वरून ते साधे तपकिरी. मात्र मागच्या पंखांच्या खालच्या बाजूस रुंद, शुभ्र पट्टा असतो. उडण्याचा वेग एवढा, की आपल्याला जेमतेम पांढरी चमक दिसते. परंतु विसाव्यासाठी ते पानाखाली पंख मिटून उलटे बसले, म्हणजे हा पट्टा निरखता येतो. त्यावर काळे ठिपके दिसले, तर ती याची जवळची जात पिसिस्ट्राटस समजावी; लिबिऑन या तिसऱ्या जातीला तर पट्टाच नसतो.

माझ्या मते या कीटकाची खरी शोभा त्याच्या सुरवंटात आहे. कॉम्ब्रेटमसारख्या झाडांची पाने तो खातो आणि त्याच पानाच्या कडा रेशमी धाग्यांनी जोडून आपले घर बांधतो. ते घर हलकेच उलगडले, तर आत गडद अंगावर फिकट आडव्या पट्ट्यांचा, ठिपकेदार डोक्याचा रहिवासी सापडतो. पुढे पानांच्याच आडोशाला कोश तयार होतो व त्यावर मेणासारखी पांढरी भुकटी असते.

याच उपकुळातील बदामिया आणि हसोरा ही फुलपाखरे आपल्या सह्याद्रीतही आहेत. कॉम्ब्रेटम ज्या वनस्पतिकुळातले, त्याच कुळातल्या बेहड्यावर बदामियाचे सुरवंट वाढतात, तर हसोराच्या एका जातीचे सुरवंट करंजाची कोवळी पाने खातात.