टेक्सासमध्ये गावाकडची जमीन घेताय? मग काउंटीचे कागद कसे काढायचे ते ऐका

नमस्कार मंडळी. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हल्ली शहराबाहेर पाच-दहा एकर घेतलीय किंवा घ्यायचं चाललंय, कुणाला फार्महाऊस हवंय, कुणाला शेळ्या पाळायच्यात, आणि एकाला तर आंबे लावायचेत (जानेवारीची थंडी बघा आणि मग ठरवा). मी पोटापाण्यासाठी जुने खरेदीखतांचे कागदच वाचतो, म्हणून मंडळाने मला उभं केलंय.

सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात की इथला सातबारा कुठे मिळतो. नाही मिळत! इथे मालक कोण हे सरकार सांगतच नाही. काउंटी म्हणजे इथला जिल्हाच समजा, आणि तिचे कागद सांभाळणारा अधिकारी तो काउंटी क्लार्क. त्यांच्याकडे जो कागद येतो तो ते नोंदवून घेतात आणि ठेवतात, बस. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का हे बघणं त्यांचं काम नाही. कुणी कुणाला विकली, त्याला कुणी विकली होती, अशी साखळी मागे मागे जात आपणच जुळवायची किंवा पैसे देऊन कुणाकडून जुळवून घ्यायची. त्यासाठी इंडेक्स असतात, देणाऱ्यांच्या नावाचा एक आणि घेणाऱ्यांच्या नावाचा दुसरा, त्यात व्हॉल्यूम आणि पान नंबर मिळतो, मग ते जाडजूड रजिस्टर कपाटातून आपल्याच हाताने ओढून काढायचं.

आता अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे टॅक्ससाठी जमिनीची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसच्या, वेबसाइटवर नाव टाकलं की मालक दिसतो, एकर दिसतात, टॅक्सची व्हॅल्यू दिसते आणि आपला माणूस खूश, हाच की सातबारा! एका अर्थी बरोबर आहे म्हणा, कारण आपला सातबाराही मूळचा सारावसुलीसाठीचाच, मालकीचा पक्का पुरावा कोर्ट त्यालाही मानत नाही. तसंच हे. टॅक्सचं बिल कुणाला पाठवायचं याची ती यादी आहे. आणि जमीन कितीला गेली तेही तिथे शोधू नका, टेक्सासमध्ये विक्रीची किंमत जाहीर करायची सक्तीच नाही, डीडवरसुद्धा, म्हणजे खरेदीखतावरसुद्धा, बहुतेक वेळा 'दहा डॉलर आणि इतर मोबदला' एवढंच लिहिलेलं असतं.

खरी गंमत डीडच्या मधल्या पानात असते. 'सेव्ह अँड एक्सेप्ट' (म्हणजे 'एवढं सोडून') असे तीन शब्द दिसले की थांबायचं आणि पुढचं वाक्य बोट ठेवून वाचायचं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी जमीन विकताना खालच्या तेल आणि गॅसचा अर्धा हक्क स्वतःकडे ठेवलेला असतो, आणि तो हक्क आज त्याच्या नातवंडांकडे असतो. तुम्ही घेतलेलं डीड कितीही कोरं करकरीत असलं तरी जे विकणाऱ्याकडे नव्हतंच ते तुम्हाला कुठून मिळणार? जुन्या डीडमध्ये मापंसुद्धा वारात असतात, स्पॅनिश काळातलं माप, एक वार म्हणजे साधारण ३३ इंच, आपल्या कापडाच्या वाराशी घोळ करू नका. हद्द लिहिलेली असते 'अमुक ओकच्या झाडापासून उत्तरेला इतके वार', आणि ते झाड केव्हाच गेलेलं असतं. अशा वेळी सर्व्हेअरला पैसे द्यायचे, गुगल मॅपवर बोट फिरवत बसायचं नाही.

या सगळ्यासाठी अर्ज वगैरे काही लागत नाही हे आधी डोक्यात घ्या. डीड, प्लॅट (जमिनीच्या तुकड्यांचा नकाशा), लग्नाची नोंद, कमिशनर्स कोर्टाचे (नावात कोर्ट असलं तरी हे काउंटीचा कारभार बघणारं मंडळ) ठराव, एवढंच काय गुरांच्या डागण्यांचे छाप, हे सगळं काउंटी क्लार्ककडे उघडंच असतं. आत जायचं, बघायचं, साधी प्रत पानाला एक डॉलर. लहान काउंटीत तर आणखी सोपं, लोकसंख्या आठ हजारांच्या आत असेल तर काउंटी क्लार्क आणि डिस्ट्रिक्ट क्लार्क एकच माणूस असू शकतो, म्हणजे जमीन आणि कोर्टकज्जे एकाच टेबलावर. लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं होती, आपल्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त असतात. अशा ठिकाणी ऑफिसात एक-दोनच जण, जेवायच्या सुट्टीत दाराला कुलूप असू शकतं, तेव्हा तीन तास गाडी मारायच्या आधी फोन करा आणि नीट गोड बोला. पहिल्याच फोनवर कायद्याचं कलम काढणाऱ्याचं काम कुठेच लवकर होत नाही, इथेही नाही.

मग कायदा कधी लागतो? जे कपाटात उघडं नाही ते हवं असेल तेव्हा. रस्त्याच्या खर्चाची बिलं, शेरीफच्या ऑफिसातले कागद, ईमेल, कंत्राटं. त्यासाठी टेक्सासचा पब्लिक इन्फर्मेशन ॲक्ट आहे, १९७३ पासूनचा. आपल्याकडचा माहितीचा अधिकार ज्यांनी वापरलाय त्यांना बरंचसं ओळखीचं वाटेल. लेखी मागायचं, कारण सांगायची गरज नाही. एका काउंटीत मला 'तुम्हाला हे कशाला हवंय' असं दोनदा विचारलं, असं विचारायला कायद्यातच बंदी आहे, पण मी हसून दुसऱ्या विषयावर गेलो आणि कागद मिळाले.

फरक आहे तो नकाराच्या वेळी, आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो. आपल्याकडे माहिती नाकारली की पहिलं अपील आपण करायचं, दुसरं अपील आपण करायचं, आयोगाच्या तारखेची वाट आपणच बघायची. इथे उलटं आहे. ऑफिसला कागद द्यायचा नसेल तर त्यांनीच कामाच्या दहा दिवसांत अॅटर्नी जनरलला, म्हणजे राज्याच्या सरकारी वकिलाला, लिहून विचारायचं की आम्ही हे अडवू का, आणि तुम्हालाही तसं कळवायचं. नाही विचारलं तर ती माहिती खुली असंच धरलं जातं, मग अडवायला फार जबरदस्त कारण लागतं. म्हणून अर्ज पोचल्याची तारीख हातात हवी, ईमेलने पाठवा आणि तो जपून ठेवा.

दोन गोष्टीत लोक अडकतात. एक, अर्ज भलत्याच टेबलावर जातो. काउंटीतला प्रत्येक निवडून आलेला अधिकारी आपापल्या कागदांचा स्वतः जबाबदार असतो, म्हणजे शेरीफचे कागद शेरीफकडे, टॅक्सचे टॅक्सवाल्याकडे, आणि काउंटी जज (कमिशनर्स कोर्टाचे प्रमुख) हे नाव ऐकून सगळं त्यांच्याकडे पाठवू नका. कोर्टाच्या केसचे कागद तर या कायद्यात येतच नाहीत, ते सरळ क्लार्ककडे बघायचे. दुसरं, लोक प्रश्न विचारतात. 'आमचा रस्ता तुम्ही दुरुस्त का करत नाही?' याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. 'अमुक रस्त्यावर २०१९ ते २०२४ मध्ये झालेल्या कामांची बिलं आणि वर्क ऑर्डर' असं मागा. आणि 'सगळे कागद द्या' असं लिहिलंत तर खर्चाचा अंदाज येतो, चाळीस डॉलरच्या वर गेला की तो त्यांना लेखी द्यावाच लागतो, आणि त्याला तुम्ही दहा कामाच्या दिवसांत उत्तर दिलं नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. ते पत्र स्पॅममध्ये जातं. बघत जा.

मागून कुणीतरी विहिरींचं विचारलं. पाण्याच्या बोअरचे ड्रिलरने दिलेले रिपोर्ट वॉटर डेव्हलपमेंट बोर्डाच्या साइटवर आहेत, शेजारच्याला किती फुटांवर पाणी लागलं ते घरबसल्या कळतं. तेलाच्या विहिरींचं मात्र रेलरोड कमिशनकडे. हो, रेलरोडच. रेल्वेचं उरलंसुरलं काम २००५ मध्ये त्यांच्याकडून गेलं, नाव तेवढं राहिलंय, त्यामुळे तेलाचं काही शोधायचं असेल तर बिनधास्त तिथेच जा.