आईच्या कागदांवर तीन नावं, दोन जन्मतारखा... व्हिसाआधी नक्की काय दुरुस्त करायचं?

नमस्कार मंडळी. आज लाईट थोडा कमी आहे आणि मागून लोकलचा भोंगा ऐकू येईल, ठाण्याला कोपरीत स्टेशनजवळ राहतो त्यामुळे तो काही एडिट होत नाही, चालवून घ्या.

तर झालं असं, ताई अमेरिकेत, तिचं बाळंतपण जवळ आलं, आईला जायचं ठरलं. आम्ही सगळे कागद डायनिंग टेबलवर मांडले आणि बघतो तर काय, पासपोर्टवर सावंत व्हीने, आधारवर डब्ल्यूने, दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव. त्यात जन्मतारीख पासपोर्टवर आणि आधारवर १४ नोव्हेंबर, दहावीच्या कागदावर १ जून. आता ही १ जूनची भानगड तुमच्याही घरात कोणाची तरी असणारच. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला कुठे असायचा कोणाकडे? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी पोरगी बघून वर्ष धरलं आणि १ जून टाकून मोकळे.

मग आम्ही काय शहाणपणा केला, स्टेशनजवळ एका एजंटकडे गेलो. तो म्हणाला, काही नाही ओ, आधारवरची तारीख दहावीसारखी करून टाकू, बोर्डाचा कागद भारी असतो. आम्ही पण हो म्हटलं. झालं, आता आधार आणि पासपोर्ट जुळेना, जे आधी जुळत होतं! आणि आधारवर जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते, नाव दोनदा. तो एक चान्स आम्ही असा घालवला. आता परत बदलायची तर साध्या केंद्रावर काम होत नाही, वेगळा अर्ज, वर मंजुरी, आणि तोवर बसा वाट बघत.

म्हणून सांगतो, कुठलाही कागद बदलायला निघायच्या आधी पासपोर्ट उघडा. व्हिसावाल्यांसाठी तुम्ही म्हणजे तुमचा पासपोर्ट. अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज म्हणजे डीएस १६० फॉर्म, त्यात नाव आणि जन्मतारीख पासपोर्ट बघूनच भरायची असते, आधार बघून नाही. पासपोर्टवर व्ही आहे ना, मग फॉर्ममध्ये व्हीच, तुम्ही जन्मभर डब्ल्यूने सही करत असाल तरी. आपल्याकडे ज्ञानेश्वर कोणी डी एन वाय ने लिहितं कोणी जी वाय ने, लक्ष्मीत कोणी एक्स घालतं कोणी के एस एच, बरोबर काय चूक काय हा वाद घरी घाला, फॉर्ममध्ये नको.

नावाच्या डब्यांचं पण बघा. पासपोर्टवर दोनच डबे, सरनेम आणि गिव्हन नेम. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, गिव्हन नेममध्येच जातं. काही जुन्या पासपोर्टवर एकच डबा भरलेला असतो, तिथे मात्र घोळ होतो. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये तसं असेल तर ते एकटं नाव सरनेममध्ये टाकायचं आणि गिव्हन नेममध्ये एफएनयू, म्हणजे फर्स्ट नेम अननोन. दुबईला जाणाऱ्यांनी तर नीटच बघा, यूएईने २०२२ च्या नोव्हेंबरमध्येच एकच नाव असलेल्या पासपोर्टला व्हिजिट व्हिसा नाही असा नियम काढला होता.

आणि बायकांसाठी, लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पण बदललं असेल तर माहेरचं नाव लपवू नका. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये आधी दुसरं नाव वापरलंय का असा प्रश्न असतो, शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाच्या, फॉर्ममध्ये जन्माचं आडनाव विचारतात. तिथे भरलं की दहावीचं सर्टिफिकेट आपोआप जुळतं, त्यासाठी बोर्डात खेटे घालायची गरज नाही.

आता खरंच पासपोर्टच चुकलाय तर? तर मग पासपोर्ट रिइश्यू, आहे त्या पुस्तकात खाडाखोड करून देत नाहीत. ३६ पानांचे १५०० रुपये, तत्काळचे वर २०००. ठाणेकरांनो, आपलं केंद्र वागळे इस्टेटला. पण तिकडे जायच्या आधी खालचा कागद सरळ करा, कारण तिथे विचारणार की बरोबर कशावरून. खालचा कागद म्हणजे जन्माचा दाखला. आणि तो तुम्ही राहता तिथे नाही मिळत, जन्म जिथे झाला तिथेच नोंद असते. आता पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे राहायला ठाण्यात असलात तरी तुमचा दाखला आजोळच्या ग्रामपंचायतीत नाहीतर नगरपालिकेत. आईच्या दाखल्यासाठी मी साताऱ्याला दोन फेऱ्या मारल्यात. दुरुस्ती १९६९ च्या जन्म मृत्यू नोंदणी कायद्याखाली होते, जुनी नोंद पुसत नाहीत, बाजूला समासात दुरुस्ती लिहून रजिस्ट्रार सही करतो. स्पेलिंगची चूक नसून नावच बदललं असेल तर मग राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेट, ते ऑनलाईन होतं. हे झालं की आधार, पॅन, आणि मग पासपोर्ट.

एक चूक मात्र करू नका, इकडे रिइश्यू टाकला आणि तिकडे जुन्या नंबरवर व्हिसाची अपॉइंटमेंट घेतली. पासपोर्ट हातात येऊ दे, मग फॉर्म.

बँक स्टेटमेंटवर डब्ल्यू आणि पासपोर्टवर व्ही, एवढाच फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं ॲफिडेविट करून फाईलला लावा. आम्ही तेच केलं. शंभरचा स्टॅम्प पेपर २०२४ च्या ऑक्टोबरपासून बंद झालाय, आता पाचशेचा, वकिलाने आधीच पाचशे काढून ठेवा म्हणून फोन केला होता.

आईचा इंटरव्ह्यू मुंबईत बीकेसीला, अमेरिकेच्या वकिलातीत झाला. तिने पिशवीत आधार वरच ठेवलं होतं, कोणी मागितलंच नाही. व्हिसा आला, आई आता नातवाला घेऊन बसलीय तिकडे. आधारवर अजून १ जूनच आहे, केवायसी पण त्याच्यावरच झालंय, त्यामुळे परवा बँकेचा हॅपी बर्थडेचा मेसेज आला आणि तिने तो ताईला वाचून दाखवला.