दुपारचं अर्धं राहिलेलं बोलणं

आईच्या आजारपणात माझं आणि दादाचं एका वाक्यावरून बिनसलं. मी त्याला फोन केला होता. तो म्हणाला, "तू आहेस ना तिथे, मग मी येऊन काय करू?" मी फोन ठेवला. पुढचे चार महिने आम्ही औषधं आणि डॉक्टर यांपलीकडे एक शब्द बोललो नाही. मला त्या वाक्यात ऐकू आलं होतं, 'आईचं तुझं तू बघ, मला त्यात ओढू नकोस.' त्याला म्हणायचं होतं, 'तू इतकं नीट सांभाळते आहेस की मी येऊन तुझ्या पायात पायच घालीन.' वाक्य त्याचं होतं, हेतू मी घातला होता.

भांडणाबद्दल बोलताना मी या प्रसंगापासून सुरुवात करते, कारण आपली बहुतेक भांडणं घडलेल्या गोष्टीवर होतच नाहीत. ती आपण गृहीत धरलेल्या हेतूवर होतात. ली रॉस या समाजमानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या सवयीला नाव दिलं, 'मूलभूत आरोपण-दोष'. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीचा वाटा विसरतो. तो उशिरा आला, तर तो बेफिकीर. मी उशिरा आले, तर मला काम निघालं होतं. कुसळ आणि मुसळाची म्हण आपल्याला पाठ असते, पण ऐन भांडणात ती आठवत नाही.

म्हणून मी स्वतःला एक सवय लावून घेतली. राग आला की वाक्याचे दोन तुकडे करायचे. काय घडलं, हा एक. त्यातून मी काय अर्थ काढला, हा दुसरा. "तू आला नाहीस" हे घडलेलं आहे, त्यावर समोरचा काही सांगू शकतो. "तुला आईचं काही पडलेलं नाही" हा माझा अर्थ आहे, आणि तो ऐकल्यावर समोरच्याला स्वतःचा बचाव करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मग शब्दाने शब्द वाढतो, जुनी मढी उकरली जातात आणि मूळ प्रश्न कुठल्या कुठे राहतो.

हे सगळं फार लवकर घडतं. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं जोडप्यांना वाद घालताना पाहिलं, त्यांचं बोलणं आणि हृदयाचे ठोकेही नोंदवले. नवविवाहितांवरच्या एका अभ्यासात वादाच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनच ते लग्न पुढे टिकेल की नाही याचा अंदाज बांधता आला. पण मला त्याहून मोठा दिलासा दिला तो त्याच्या दुसऱ्या एका आकड्याने. जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कधीच सुटत नाहीत. चांगल्या चाललेल्या संसारातही तेच ते वाद वर्षानुवर्षं येत राहतात. म्हणजे वाद उरला याचा अर्थ नातं फसलं असा नाही. त्या वादात एकमेकांशी कसं बोलतो, यावर सगळं ठरतं. सर्वांत घातक काय, तर तुच्छता. डोळे फिरवणं, टोमणा, नक्कल करून दाखवणं. रागावलेल्या माणसाला आपल्याकडून काहीतरी हवं असतं. तुच्छता दाखवणाऱ्याने आपल्याला बरोबरीचं मानणंच सोडलेलं असतं.

आता शरीराविषयी, कारण ते आपण अगदीच विसरतो. वादात हृदयाचे ठोके मिनिटाला शंभरच्या पुढे गेले की समोरचा काय म्हणतोय ते नीट आत शिरत नाही. अशा वेळी समजूतदारपणाची अपेक्षा कुणाकडूनच करू नये, स्वतःकडूनही नाही. थांबावं. शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात, आणि त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात पुढचा वार परजत बसलो तर तीही वाया जातात.

इथे मघाशी एका ताईंनी चांगला प्रश्न विचारला : थांबणं आणि अबोला यांत फरक काय? मराठीत अबोला 'धरतात'. धरलेलं कुणीतरी आधी सोडावं लागतं, आणि आधी कोण, यावरच तो महिनोन्‌महिने लांबतो. आमचे चार महिने असेच गेले. थांबणाऱ्याने परत येण्याची वेळ सांगितलेली असते. "आत्ता माझ्याने बोलवत नाही, रात्री बोलूया" असं म्हणणारा माणूस दार उघडं ठेवून जातो. काही न सांगता उठून जाणारा समोरच्याला शिक्षा देतो, मग त्याच्या मनात तसं असो वा नसो.

आणि परत आल्यावर काय बोलायचं? मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विचारवंत बाईंनी १९२५ मध्ये संघर्षावर एक व्याख्यान दिलं होतं, त्यातला प्रसंग मला फार आवडतो. ग्रंथालयाच्या एका लहान खोलीत कुणाला तरी खिडकी उघडी हवी होती, फॉलेटना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. समोरच्याला हवा हवी होती, तीच खिडकी नव्हे. फॉलेटना अंगावर थेट येणारा वारा नको होता, बंद खोली नव्हे. खिडकी अर्धी उघडली असती, तर दोघंही अर्धे नाराज राहिले असते. मागणी विचारली की भांडण अडतं, मागणीमागची गरज विचारली की कधीकधी शेजारची खोली दिसते. कधीकधीच. दोन मुलांना एकाच जुन्या घरात राहायचं असेल तर असा मार्ग निघणार नाही, हे फॉलेटनीही मान्य केलं होतं. आणि जिथे एका माणसाला दुसऱ्याची भीती वाटते, मारहाण किंवा धमकी आहे, तिथे यातलं काहीही लागू नाही. तिथे आधी सुरक्षित जागी जायचं आणि मदत मागायची.

दादाचा आणि माझा वाद अजून आहे. आईला कुणी किती वेळ द्यायचा, यावर आमचं एकमत झालेलं नाही, बहुधा होणारही नाही. परवा दुपारी पुन्हा आवाज चढले. मी म्हटलं, "दादा, आत्ता थांबूया, रात्री नऊला बोलू." नऊला पाच मिनिटं कमी असताना त्याचाच फोन आला. म्हणाला, "दुपारचं अर्धं राहिलंय. तू सांग आधी."