वाट्याला ३६ सेकंद

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते कॉलेजातल्या कंपल्सरी इंग्लिशबद्दल. हा विषय मी कोल्हापुरात शिकवतो, त्यामुळे बोलणं थोडं एकतर्फी होईल. तेवढं चालवून घ्या.

आधी एक हिशोब मांडतो. आपल्याकडे कॉलेजचा तास ४८ मिनिटांचा. पहिल्या वर्षाच्या वर्गात ८० मुलं-मुली धरा. समजा, मी अख्खा तास तोंड मिटून बसलो, हजेरी घेतली नाही, उशिरा आलेल्यांना झापलं नाही आणि सगळा वेळ मुलांना सारखा वाटून दिला, तर एकेकाच्या वाट्याला ३६ सेकंद येतात. आठवड्याला चार तास, सत्राचे पंधरा आठवडे, वर्षाची दोन सत्रं, असे १२० तास झाले. यातून गणपती, गॅदरिंग, परीक्षा काही वजा केलेलं नाही. तरीही वर्षभरात एका मुलाला बोलायला मिळतात ७२ मिनिटं. एवढ्या भांडवलावर त्यानं फाडफाड इंग्रजी बोलावं अशी आईवडिलांची अपेक्षा असते, नोकरी देणाऱ्यांची असते, आणि खरं सांगायचं तर आम्हा प्राध्यापकांचीही असते.

केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं एक ढोबळ अंदाज दिलेला आहे. शून्यापासून सुरुवात केली, तर आपलं आपण काम निभावता येईल अशा पातळीला, म्हणजे युरोपातल्या भाषेच्या मोजपट्टीवरच्या ‘बी टू’ला पोचायला शिक्षकासमोरचे ५०० ते ६०० तास लागतात. आमचे १२० तास घड्याळानं भरतात ९६. तुम्ही म्हणाल, पोरं काही शून्यावरून येत नाहीत. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतसुद्धा पहिलीपासून इंग्रजी आहे. खरं आहे. बारा वर्षं इंग्रजी शिकून ती आमच्याकडे येतात. पण त्या बारा वर्षांत कानावर इंग्रजी किती पडलं आणि इंग्रजीविषयीचं मराठी किती पडलं, हे ज्याचं त्यानं आठवून बघावं. एक ओळ वाचायची, तिचा अर्थ मराठीत सांगायचा, मग पुढची ओळ. शेवटी प्रश्नोत्तरं फळ्यावर, फळ्यावरून वहीत, वहीतून पेपरात. कॉलेजात येऊन यात फरक एवढाच पडतो की वहीची जागा झेरॉक्स घेते.

भाषा शिकवण्याच्या शास्त्रात दुसरी भाषा आणि परकी भाषा असा भेद करतात. दुसरी भाषा म्हणजे जी वर्गाबाहेरही भेटते, शेजारी, बाजारात, कचेरीत. परकी भाषा तास संपला की संपते. कागदोपत्री आपण इंग्रजीला परकी म्हणत नाही. देशाच्या कारभारातली भाषा आहे ती. २०११च्या जनगणनेत इंग्रजी येतं असं सांगणारे लोक देशात साधारण १० टक्के होते. आता शाहूवाडीहून किंवा राधानगरीहून पहाटेच्या एसटीनं येणाऱ्या मुलीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. घरी मराठी, गाडीत मराठी, कॅन्टीनमध्ये मराठी, बाकीच्या विषयांच्या तासांनाही बहुतेक मराठीच. तिच्यासाठी इंग्रजी ही जपानीइतकीच परकी आहे. आम्ही मात्र तिच्या हातात जो उतारा देतो, तो ती इंग्रजीच्या सहवासात वाढली आहे असं धरून निवडलेला असतो.

इथे कुणीतरी म्हणेल, इंग्रजी आजूबाजूला नाही कसं? स्टँड आहे, कंडक्टर आहे, तिकीट आहे, ब्रेक फेल होतो, लाईट जाते, डोक्याला टेन्शन येतं. हे शब्द उसाच्या फडापर्यंत पोचलेत. पण शब्दच पोचलेत, वाक्यं नाहीत. ‘गाडीचा ब्रेक फेल झाला’ यात दोन शब्द इंग्रजी आहेत आणि वाक्य शंभर टक्के आपलं. त्यामुळे आमच्या मुलांची अवस्था विचित्र होते. शेकडो शब्द ओळखीचे, आणि ते बसवायला चौकट नाही. म्हणून पोरं म्हणतात, “सर, समजतंय ओ सगळं, पर बोलायला गेलं की त-त-प-प हुतंय.”

माझा अनुभव असा की भाषा शिकण्याची हुशारी या मुलांत कमी नाही. गडहिंग्लजच्या सीमेकडून येणाऱ्या कितीतरी मुलांना कन्नड येतं. कुठं शिकलास विचारलं तर हसतात. आठवड्याच्या बाजारात, आजोळी, ऊसतोडीच्या टोळीत. कन्नडचं व्याकरण मराठीहून पार निराळ्या कुळातलं, तरी त्याचा तक्ता कुणी पाठ केलेला नसतो. रोज ऐकलं, चुकत बोलले, पुढच्याला कळलं, काम झालं. इंग्रजीच्या बाबतीत हे ऐकणंच मिळत नाही. मग ते आणायचं कुठून?

माझं उत्तर जुनंच आहे: सोपं वाचायचं, आणि ढीगभर वाचायचं. बोलण्याचे क्लास लावण्याआधी वाचायचं. शंभर वर्षांपूर्वी ढाक्यात मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी होते. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि हाती काही लागत नाही, हे त्यांनी पाहिलं. त्यांना असं दिसलं की वाचनाच्या पुस्तकांत नवे शब्द फार दाटीनं येतात. एक पचायच्या आत दुसरा येऊन आदळतो. त्यांनी मोजक्या शब्दांत गोष्टींची पुस्तकं तयार केली आणि नवे शब्द लांब लांब अंतरावर पेरले. पुढे १९५३ मध्ये सर्वांत उपयोगी अशा सुमारे २००० शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली गेली. हे काम सुरू झालं आपल्याच देशातल्या मुलांसाठी, आणि आपल्याच कॉलेजांत त्याचा पत्ता नाही.

न्यूझीलंडमधले अभ्यासक पॉल नेशन यांनी पुढे हे आकड्यांत मांडलं. कुणाच्या मदतीशिवाय, समाधानानं वाचायचं असेल तर मजकुरातले १००तले ९८ शब्द आधीपासून माहीत असावे लागतात. म्हणजे ३०० शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द सहाच. इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी अशी वाचायला त्यांच्या हिशोबानं आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ. आता आमच्या पाठ्यपुस्तकातला एखादा वैचारिक निबंध घ्या आणि अनोळखी शब्दांखाली पेन्सिल मारत जा. काही पानं इतकी रंगतात की रिकाम्या ओळी शोधाव्या लागतात. त्याला वाचणं म्हणता येणार नाही. पोरगं मग सरळ गाइड उघडतं, आणि त्यात त्याचा दोष मला तरी दिसत नाही.

सोपी पुस्तकं कॉलेजच्या मुलांना द्यायला गेलं की पहिला अडथळा मानाचा येतो. “सर, ही बारक्या पोरांची पुस्तकं आहेत.” असू देत. ठरावीक शब्दसंख्येत लिहिलेली, पायरीपायरीनं चढत जाणारी मोठ्यांसाठीची पुस्तकंही मिळतात. ग्रेडेड रीडर म्हणतात त्यांना. तीही नसली तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर गोष्टी फुकट आहेत आणि त्यातल्या पुष्कळ मराठीतही आहेत. आधी मराठीत वाचा, मग तीच इंग्रजीत. आपल्या गावात १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, विद्यापीठात बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं मोठं ग्रंथालय आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात अशा सोप्या पुस्तकांचं एक कपाट उघडं ठेवायला फार खर्च येत नाही. मात्र उघडं ठेवा. कुलूपबंद कपाट आणि मागणीची चिठ्ठी म्हटलं की वाचणारा तिथूनच परत फिरतो.

आणि दुसरी वाट आहे आवडीची. कोल्हापूर फुटबॉलवेडं आहे हे मी सांगायला नको. वर्ल्ड कप आला की पेठा अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये वाटल्या जातात, चौकात खेळाडूंचे कटआउट उभे राहतात. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा शिवाजी पेठेतला एक मुलगा इंग्रजीत दोनदा नापास झालेला. तोच मुलगा मोबाईलवर युरोपातल्या क्लबांच्या बातम्या इंग्रजीतून वाचत होता. कोण कुठल्या क्लबात चाललाय, कुणाचा गुडघा दुखावलाय, कुणाचा करार कधी संपतोय, सगळं अचूक सांगायचा. विचारलं, हे कळतं कसं? म्हणाला, “त्यात काय सर, तेच तेच शब्द असतात.” भाषाशास्त्रातल्या जाडजूड ग्रंथांत जे सांगितलंय ते त्यानं एका वाक्यात उरकलं. एकाच विषयात खोल वाचत गेलं की तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात आणि विषय आधीच माहीत असल्यानं नवा शब्द संदर्भानं उलगडतो. रात्री जागून मॅच बघताना इंग्रजी कॉमेंट्री कानावर पडते ती वेगळीच. याचं हे वाचन आमच्या परीक्षेत कुठं मोजलं जातं? कुठंच नाही. शेती, बुलेट, स्वयंपाक, क्रिकेट, शेअर बाजार, ज्याला जे लागतं ते त्यानं इंग्रजीत वाचावं. साहित्य नंतर येईल, किंवा नाहीही येणार; आकाश कोसळत नाही.

रेडिओवर बोलतोय तर रेडिओचंही सांगतो. आकाशवाणीचं मराठी बातमीपत्र ऐका आणि त्याच दिवसाचं इंग्रजी बातमीपत्र लगेच ऐका. बातमी माहीत असते, नावं-गावं तीच असतात, निवेदक घाई करत नाही. फोनवर परदेशी मालिका लावून काहीच न कळता बसण्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त कामाची.

आता वर्गातलं मराठी. एक काळ असा होता की इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द काढला तर पाप. प्रत्यक्षात तास मराठीतच व्हायचे, फक्त साहेब तपासणीला आले की इंग्रजी सुरू व्हायचं. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. जिथं दोन भाषांची वळणं फुटतात तिथं दोन मिनिटं मराठीत सांगावं. ‘मी दोन वर्षांपासून शिकतोय’ हे आपलं वाक्य वर्तमानकाळात बसतं, म्हणून मूल ‘आय ॲम लर्निंग सिन्स टू इयर्स’ म्हणतं. इंग्रजीला तिथं ‘हॅव बीन’ लागतं, आणि ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’. हे मराठीशी ताडून दाखवलं की लख्ख कळतं, आणि इंग्रजीतून समजावत बसलं तर तास जातो. ‘अ’ आणि ‘द’च्या चुकांवर मात्र मी आताशा लाल शाई घालवत नाही. आपल्या भाषेत तो प्रकारच नाही. त्या चुका वाचून वाचून हळूहळू कमी होतात.

राहिला प्रश्न त्या ३६ सेकंदांचा. १९७९ ते १९८४ या काळात भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना सोडवायला कोडी दिली: रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे, असलं काही. डोकं कोड्यात गुंतलं की भाषा आपोआप कामाला लागते, असा त्यामागचा विचार. या प्रयोगाचं नाव आज जगभरच्या शिक्षकांना ठाऊक आहे. प्रभूंची मुलं मुख्यतः शिक्षकाशी बोलत. जोड्या पाडणं हा मी त्यात घातलेला बदल. आणि कोड्यासाठी रेल्वे सोडून मी आमच्या एसटी स्टँडवर उतरलो. एकाच्या कागदावर गगनबावड्याच्या गाड्यांच्या वेळा. शेजाऱ्याच्या कागदावर अडचणी: दुपारी बाराचं लग्न, वाटेत कळ्याला मामांना घ्यायचं, सहाच्या आत घरी परत. कागद दाखवायचा नाही, इंग्रजीत विचारायचं आणि गाडी ठरवायची. चाळीस जोड्या एकदम बोलायला लागल्या की कल्ला होतो, शेजारच्या वर्गातले सर डोकावून जातात. पण आता तासाची ४८ मिनिटं दोघांतच वाटली जातात, म्हणजे ३६ सेकंदांच्या जागी जवळजवळ २४ मिनिटं. मधेच मराठी घुसतं, घुसू दे. ‘ब्यांक’ म्हणणाऱ्याला हसायचं नाही, एवढा एकच नियम मी कडक पाळायला लावतो, कारण एकदा हसलेलं पोरगं पुढे तीन वर्षं तोंड उघडत नाही.

हे सगळं करूनही घोडं अडतं ते पेपराशी. न वाचलेल्या पुस्तकावर पास होता येतं, तोवर ते कोण वाचेल? आताशा तर मोबाईल क्षणात उत्तर लिहूनही देतो, त्यामुळे घरी लिहून आणायच्या असाइनमेंटला काही अर्थ उरलेला नाही. माझी मागणी साधी आहे. निम्मे गुण वर्गात न झालेल्या, पण सोप्या उताऱ्यांना द्यावेत. अंतर्गत गुणांतले काही वर्षभरात स्वतःच्या निवडीनं वाचलेल्या पानांना द्यावेत. काय वाचलं ते पाच मिनिटं समोर बसून, मोडक्या इंग्रजीत का होईना, सांगायचं. ८० मुलांची पाच-पाच मिनिटं म्हणजे साडेसहा तासांच्या वर जातात, हे मला माहीत आहे, पण एवढा वेळ पेपर तपासायलाही जातोच. गाइडवाल्यांचा धंदा थोडा बसेल. त्यांना सोप्या गोष्टींची पुस्तकं छापता येतील, मी स्वतः विकत घेईन.

नमस्कार.